जिल्ह्याचं ठिकाण, वस्ती ७२५

माणदेशी

लॉस एंजेलिसमधल्या आमच्या घराकडून फ्रीवेनं उत्तरेला निघालं की सिल्मारपाशी उजव्या हाताच्या डोंगरावरून पाणी उतरताना दिसतं. सिमेंटचा उतार आणि त्यावरून फेसाळत येणारी पांढरी रेघ. पहिली काही वर्षं मला तो कुठल्यातरी धरणाचा सांडवा वाटायचा. मग ऑफिसातल्या एका जुन्या माणसानं सांगितलं, "तू सकाळी चहाला आधण ठेवतोस ना, ते हे पाणी." ३७५ किलोमीटरवरून येतं आणि वाटेत पाणी ढकलायला एकही पंप नाही. नुसत्या उतारानं येतं.

मी माण तालुक्यातला. टँकरची चाहूल लागली की हातातलं पुस्तक टाकून हंडे घेऊन पळायचं, अशा दिवसांत वाढलेलो. पाणी येतं कुठून हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून गेल्या महिन्यात एका शनिवारी पहाटे उगमाच्या दिशेनं निघालो. उगमापर्यंत पोचलोच नाही. वाटेत इंडिपेन्डन्स नावाच्या गावात अडकलो, आणि हा धागा त्या गावाचा आहे.

कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या. त्यातली इन्यो ही आकारानं दुसरी, साडेसव्वीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. आपले पुणे आणि सातारा जिल्हे एकमेकांना जोडा, साधारण तेवढी. त्यात २०२०च्या जनगणनेत माणसं निघाली १९,०१६. या काउंटीचं मुख्यालय, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचं ठिकाण, ते इंडिपेन्डन्स. वस्ती ७२५. आमच्या वाडीवरच्या जत्रेला याहून जास्त माणूस जमतो.

गाव लागतं कसं ते सांगतो. मोहावेचं वाळवंट ओलांडून ३९५ नंबरचा हमरस्ता धरायचा. डाव्या हाताला सिएरा नेवाडा भिंतीसारखी उभी, उजव्या हाताला बोडके, गंजक्या रंगाचे इन्यो डोंगर, मधे ओवेन्स नदीचं खोरं. ढग पॅसिफिककडून येतात आणि सिएराच्या पलीकडच्या अंगावरच रिते होतात. अलीकडे येतो तो कोरडा वारा. महाबळेश्वर कोसळत असताना दहिवडीला ढेकळं उडतात, तोच प्रकार, फक्त इथं सह्याद्रीच्या जागी चार हजार मीटरचा पहाड आहे. गावात वर्षाला पंधरा सेंटिमीटरही पाऊस धड पडत नाही. तरी झाडी हिरवीगार, कारण वरचं बर्फ वितळून ओढ्यांनी खाली येतं. नदीनं कोरून काढलेलं एवढं खोल खोरं मी दुसरं पाहिलेलं नाही.

हमरस्ता गावात शिरला की वेगमर्यादा खाली येते, तेवढ्यानंच कळतं की गाव आलं. एक पेट्रोल पंप, १९२७ सालचं एक हॉटेल, पोस्ट, शाळा, आणि मग एकदम उंच खांबांची एक भारदस्त इमारत. कोर्ट. एवढ्याशा गावात ती इमारत बघून हसूच आलं. अंगणवाडीच्या पोराला वकिलाचा डगला चढवावा तशी. ही इथली चौथी. पहिली १८७२च्या भूकंपात पडली, दुसरी १८८६च्या आगीत जळाली, तिसरी लाकडी होती, ती बाद करून १९२१ साली ही उभी केली.

नाव स्वातंत्र्याचं असलं तरी त्यामागची गोष्ट स्वातंत्र्याची नाही. ४ जुलै १८६२ला घोडदळाच्या एका तुकडीनं इथल्या ओक क्रीकवर छावणी टाकली. त्या दिवशीचा सण म्हणून 'कॅम्प इंडिपेन्डन्स'. छावणी कशासाठी? खोऱ्यात आधीपासून राहणाऱ्या पायूट लोकांना वठणीवर आणायला. दुसऱ्याच वर्षी सैन्यानं नऊशेच्या वर पायूटांना गोळा करून उन्हाळ्यात पायी दक्षिणेला फोर्ट तेहोनकडे हाकललं. १८६६ला इन्यो काउंटी झाली, छावणीजवळच्या वस्तीची आखणी झाली आणि मुख्यालय तिथं आलं. छावणी १८७७ला उठली, गावाला नाव राहिलं.

पुढं चांदीच्या खाणी आल्या आणि गेल्या. १८८३ला नॅरोगेज रेल्वे आली, पण गावात नाही, पाच मैल पूर्वेला नदीपलीकडे. १९६०ला तीही बंद पडली. आणि मधल्या काळात पाणी गेलं.

१९०५ साली लॉस एंजेलिसचा माजी महापौर फ्रेड ईटन खोऱ्यात जमिनी घेत फिरत होता. लोकांना वाटलं, केंद्र सरकारची सिंचन योजना येतेय, हा माणूस त्यांचाच. तसं वाटायला कारणही होतं. त्या योजनेचा अधिकारी लिपिनकॉट हाच बाजूनं लॉस एंजेलिसचा पगारी सल्लागार होता! सरकारी जमिनींची नोंद करणारी कचेरी इंडिपेन्डन्सलाच. तिथले प्रमुख वॉलेस ऑस्टिन. हातात येणारे कागद बघून त्यांना वास आला, त्यांनी थेट वॉशिंग्टनला तक्रार केली. उपयोग झाला नाही. १९०६ला संसदेनं शहराला कालव्यासाठी वाट दिली. ऑस्टिनबाई, म्हणजे त्यांची पत्नी मेरी ऑस्टिन, पुढं मोठ्या लेखिका झाल्या. त्यांचं तपकिरी घर गावात आहे, बाहेर पाटी आहे. त्यांनीही विरोधात लिहिलं आणि शेवटी खोरं सोडलं.

५ नोव्हेंबर १९१३ला पाणी सिल्मारला पोचलं. मुख्य अभियंता विल्यम मुल्होलंड जमलेल्या गर्दीला एवढंच म्हणाला, "हे घ्या. न्या." माझ्या रोजच्या रस्त्यावरची पांढरी रेघ ती ही. १९२६पर्यंत खाली ओवेन्स तळं कोरडं ठणठणीत पडलं. शहरानं शेतं घेतली, मग शेती गेल्यावर दुकानं चालेनात म्हणून गावठाणातले प्लॉटही घेतले. १९३३पर्यंत खोऱ्यातली ९५ टक्के शेतजमीन आणि ८५ टक्के गावठाण लॉस एंजेलिसच्या नावावर.

मग हे गाव उठलं कसं नाही? माझ्यापुरतं उत्तर असं, की इथं विकण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण विकल्याची नोंद इथंच व्हायची. कोर्ट, तुरुंग, खजिना, खरेदीखतांची दफ्तरं. फळबागा उठल्या, खाणी बसल्या, रेल्वे उखडली. दफ्तर कोण उचलून नेणार? कागदावर तगलेलं गाव आहे हे.

एक प्रसंग सांगून थांबतो. शहराविरुद्ध लढणाऱ्यांचे पुढारी होते वॉटरसन बंधू, विल्फ्रेड आणि मार्क. खोऱ्यातल्या बँका त्यांच्याच. १९२४ला शेतकऱ्यांनी कालव्याला सुरुंग लावले, चार दिवस दरवाजे ताब्यात घेऊन सगळं पाणी परत नदीत सोडलं, त्यामागे यांचा आधार. ऑगस्ट १९२७ला बँकांवर टाळी लागली. हिशेबात घोटाळा निघाला, ठेवीदारांचे पैसे गेले. खटला याच १९२१च्या इमारतीत चालला. सरकारी वकील त्यांचा मित्र, ज्युरीत बसलेले शेजारपाजारचे, कित्येकांची पुंजी त्याच बँकेत बुडालेली. छत्तीसच्या छत्तीस आरोपांत दोषी. दोघेही सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात गेले आणि लढा तिथंच आटोपला. मी त्या पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला. शनिवार होता, दार बंद होतं.

कोल्हापुरी मिरची

फोटो कुठेत? फोटोशिवाय धागा म्हणजे कटाशिवाय मिसळ.

माणदेशी

मोबाईल गाडीत तापून बंद पडला होता. जे आहेत त्यात सगळीकडे माझा अंगठा आहे.

भूस्तरशोध

लेख आवडला, पण एक वाक्य काळजाला लागलं. "नदीनं कोरून काढलेलं" नाही हो! ओवेन्स खोरं कोरलेलं नाही, खचलेलं आहे. दोन्ही बाजूंना मोठे प्रस्तरभंग, मधला पट्टा खाली बसत गेला आणि कडेचे डोंगर वर उचलले गेले. नदी नंतर आली आणि आयत्या खड्ड्यात वाहू लागली. म्हणून तर डोंगर असे पायापासून सरळ उठतात, पायथ्याच्या टेकड्यासुद्धा फारशा नाहीत.

तुम्ही ज्या भूकंपाचा एका ओळीत निकाल लावलात, तो कॅलिफोर्नियाच्या नोंदीतल्या सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी एक. २६ मार्च १८७२, पहाटे अडीचच्या सुमाराला. तीव्रतेचे अंदाज ७.४ ते ७.९. दक्षिणेकडच्या लोन पाइन गावातली ५९पैकी ५२ घरं पडली, २७ माणसं गेली. घरं मातीच्या कच्च्या विटांची होती आणि सगळे झोपेत. आपल्याकडे १९९३ला किल्लारीत काय झालं आठवा: पहाटेची वेळ, दगडमातीच्या भिंती. मी लोन पाइनच्या पश्चिमेला जाऊन जमिनीला पडलेली ती पायरी पाहिली आहे. माणसापेक्षा उंच, सरळ रेषेत गेलेली. मात्र ती सगळी एका रात्रीची नव्हे, आधीच्याही भूकंपांची भर आहे तीत. त्यावर आता झुडपं उगवलीत, पण एकदा नजर बसली की दुसरं काही दिसत नाही.

माणदेशी

दुरुस्तीबद्दल आभार. लेखात तसंच ठेवतो, म्हणजे तुमच्या प्रतिसादाला अर्थ राहील.

खडूस बाई

लेखन छान, पण सूर नेहमीचाच: शहर लबाड, गाव बिचारं. जमिनी बळकावल्या नव्हत्या, विकत घेतल्या होत्या. बऱ्याच शेतकऱ्यांनी चांगला भाव बघून आपणहून विकल्या, मागे राहिलेल्यांनी भाव वाढवून मागितला. सुरुंग लावणाऱ्यांतही सगळे काही तत्त्वासाठी लढत नव्हते. आणि तुम्ही लॉस एंजेलिसमध्ये घर घेतलंत, तुमच्या अंगणात लॉन आहे का, तेही लिहा.

दुसरं, पायूटांचं एका परिच्छेदात आटपलंत. खोऱ्याचं पाणी पहिल्यांदा १९१३ला नाही गेलं, ते १८६३ला गेलं.

माणदेशी

लॉन होतं. काढलं. (बायकोला विचारा, अजून ऐकवते.)

पायूटांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. त्यांच्या भाषेत या खोऱ्याचं नाव 'पायाहूनाडू', वाहत्या पाण्याची भूमी. गोरे येण्याआधी ते ओढ्यांना बांध घालून, काही ठिकाणी मैल-मैल लांब पाट काढून रानकंदांची कुरणं भिजवत. पेरणी नाही, नांगर नाही, फक्त पाणी द्यायचं आणि कंद खणायचे. उत्तरेकडच्या बिशप गावाजवळच्या वस्तीत दर वसंतात सगळे जमून एक माणूस निवडत, बांध घालणं आणि पाणी फिरवणं ही त्याची जबाबदारी. आपल्या भाषेत पाटकरीच की! त्याच पाटांच्या काठानं नवे लोक गुरं घेऊन आले, गुरांनी कुरणं खाल्ली, १८६२च्या हिवाळ्यात भुकेपोटी गुरं मारली गेली आणि तिथून लढाई पेटली. हाकललेल्यांपैकी बरेच जण नंतर परत आले आणि आपल्याच जमिनीवर मजुरीला लागले. गावाच्या उत्तरेला त्यांचं राखीव क्षेत्र आहे, मी पेट्रोल तिथंच भरलं.

भाव चांगला मिळाला हेही खरं. पण शेजाऱ्यानं विकलं की सामाईक चारीचं पाणी संपतं, मग उरलेल्याला न विकून भागत नाही. हे माणात वाढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

खडूस बाई

चारीचा मुद्दा पटला. लॉनचं ऐकून बरं वाटलं.

पायपीट

मी या गावात वरून उतरलोय! जॉन म्यूर ट्रेल चालताना, साधारण सतराव्या दिवशी. ३४० किलोमीटरची वाट, शिधा एकदम पाठीवर मावत नाही, कारण सगळं अन्न अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात ठेवायचं असतं आणि तो डबा चार-सहा दिवसांच्या अन्नानंच भरतो. म्हणून केर्सार्ज खिंडीतून, साडेतीन हजार मीटरच्या वरून, अनियन व्हॅलीला उतरायचं. तिथपर्यंत गावातून वीसेक किलोमीटरचा घाटरस्ता आहे, सोळाशे मीटर चढणारा. तिथं अंगठा दाखवून उभं राहायचं. एका म्हाताऱ्यानं पिकअपमध्ये मागं बसवलं. वर जॅकेट घालून बसलो होतो, खाली उतरेपर्यंत बनियनवर आलो. गावात कपडे धुतले, आईस्क्रीम खाल्लं, परत वर.

अवांतर: 'केर्सार्ज' हे मूळ युद्धनौकेचं नाव. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या 'अलाबामा' नौकेनं धुमाकूळ घातला, तेव्हा दक्षिणेची बाजू घेणाऱ्यांनी लोन पाइनच्या टेकड्यांना अलाबामा हिल्स म्हटलं. १८६४ला 'केर्सार्ज'नं 'अलाबामा' बुडवली, तर उत्तरवाल्यांनी खाणीला, शिखराला, खिंडीला केर्सार्ज नाव देऊन टाकलं. समुद्र केवढा लांब!

कोल्हापुरी मिरची

म्हणजे तालमीतालमीची भांडणं तिकडंपण.

त्या अलाबामा हिल्समध्ये १९३९चा एक हॉलिवूडपट काढलाय ना, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरचा? आमचे आजोबा सांगायचे, इंग्रजांचं कौतुक म्हणून त्यावर मुंबईत बोंब झाली होती. खैबरखिंड म्हणून जे दाखवलंय ते हेच खडक.

निळावंती

मांझानार याच रस्त्यावर ना? त्याबद्दल एक शब्द नाही, म्हणून विचारते.

माणदेशी

निळावंतीताई, मुद्दाम ठेवलं होतं, त्यावर स्वतंत्र लिहावं असं वाटत होतं. पण विचारलंत तर थोडक्यात.

इंडिपेन्डन्सच्या दक्षिणेला जेमतेम दहा किलोमीटर. मांझानार म्हणजे स्पॅनिशमध्ये सफरचंदाची बाग. १९१०पासून तिथं खरंच फळबागांचं गाव होतं, सफरचंद आणि पेअर. शहरानं पाण्यासाठी ते विकत घेतलं, १९२९पर्यंत गाव रिकामं. १९४२ला पर्ल हार्बरनंतर अध्यक्षांच्या हुकमानं पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना उचललं, तेव्हा ही रिकामी सपाट जमीन सरकारच्या डोळ्यांत भरली. मालक लॉस एंजेलिस शहर. शहराला माणसं कोंडण्यापेक्षा आपल्या कालव्याचं पाणी बाटेल याची काळजी जास्त! एका वेळी दहा हजारांवर माणसं होती तिथं, म्हणजे आजच्या अख्ख्या काउंटीच्या निम्मी. त्यातले दोनतृतीयांश अमेरिकेत जन्मलेले नागरिक. कुणावर खटला नाही, आरोप नाही. कोर्ट दहा किलोमीटरवर असून त्यांच्यासाठी त्याचा काही उपयोग नव्हता.

बराकी गेल्या, दफनभूमीतला पांढरा मनोरा आहे. त्याच्या पायाशी लोकांनी ठेवलेली नाणी, कागदाचे करकोचे, आणि एक लहान मुलाचं प्लॅस्टिकचं बूट होतं. जुन्या बागेतली पेअरची काही झाडं अजून जिवंत आहेत. त्या कैद्यांनीच ती छाटून, पाणी देऊन जगवली होती, गावकरी सोडून गेल्यावर.

निळावंती

स्वतंत्र लिहाच.

भूस्तरशोध

माझीही एक भर. कोर्टाला लागून असलेल्या तुरुंगाचं नाव जगभर गेलं ते १९६९ला. डेथ व्हॅलीतल्या एका पडक्या रँचवर गाड्या चोरल्याच्या संशयावरून धाड पडली आणि सापडलेल्या टोळक्याला इंडिपेन्डन्सच्या कोठडीत टाकलं. त्यात चार्ल्स मॅन्सन होता. त्याच्या टोळीनं त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये पाडलेल्या खुनांचा संबंध उलगडला तो नंतर. डेथ व्हॅली याच काउंटीत येते. अलास्का वगळून अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर माउंट व्हिटनी (४,४२१ मीटर) आणि खंडातली सर्वांत खोल जागा बॅडवॉटर (समुद्रसपाटीखाली ८६ मीटर) एकाच काउंटीत, सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत. दोन्हीकडची भांडणं मिटवायला मात्र याच गावात यायचं.

तळेगावकर

सर्वांत लहान काउंटी मुख्यालय हेच का? माझ्या माहितीत अल्पाइन काउंटीचं मार्कलीव्हिल याहून लहान आहे, दोनशेच्या आत वस्ती.

माणदेशी

बरोबर. सर्वांत लहान मी कुठं म्हटलेलं नाही, पण तसं वाटलं असेल. मार्कलीव्हिलला कोर्ट आहे, पण लॉस एंजेलिस नाही मागे लागलेलं.

निवृत्त नाझर

माझी ३४ वर्षं कचेरीत गेली, त्यामुळे माझे प्रश्न कोरडे आहेत. १) ७२५ वस्तीला नगरपालिका असते का? २) जमीन शहराची, तर शेतसारा कोण भरतं? ३) सातबारा तिथं कसा असतो?

माणदेशी

नाझरसाहेब, याच प्रश्नांची वाट बघत होतो.

१) नगरपालिका नाही, ग्रामपंचायतही नाही. अख्ख्या काउंटीत नगरपालिका एकच, उत्तरेला साठ-सत्तर किलोमीटरवर बिशपला. बाकी सगळा कारभार पाच निवडून आलेल्या सुपरवायझरांचं मंडळ बघतं. बहुतेक लोक राहतात बिशपकडे, बरीच कामंही तिकडेच होतात, त्यामुळे मुख्यालय नावापुरतं उरतंय अशी कुरकुर आहे.

२) मजा इथंच आहे. कॅलिफोर्नियाच्या घटनेप्रमाणे शहरानं आपल्या हद्दीबाहेर घेतलेल्या जमिनीवर, ती आधी करपात्र असेल तर, कर द्यावा लागतो. त्यामुळे इन्योचा सर्वांत मोठा करदाता म्हणजे लॉस एंजेलिसचं पाणी-वीज खातं. काउंटीतली दोन टक्क्यांहून कमी जमीन खासगी मालकीची आहे, बाकी बहुतेक केंद्र सरकार आणि लॉस एंजेलिस. ज्याच्याशी कोर्टात भांडायचं त्याच्याच पैशातून कारकुनाचा पगार. आणि भांडण चालूच असतं. नदीच्या खालच्या शंभर किलोमीटरच्या कोरड्या पात्रात पुन्हा थोडं पाणी सोडायला लावलं, तेही कोर्टाच्या दट्ट्यानं, डिसेंबर २००६ला.

३) सातबारा असा नाही. प्रत्येक खरेदीखत काउंटीच्या रेकॉर्डरकडे नोंदवतात. त्याच्या दोन याद्या, एक विकणाऱ्यांच्या नावानं, एक घेणाऱ्यांच्या.

निवृत्त नाझर

मग शनिवारी कशाला गेलात? कचेरीचं गाव बघायचं तर कामाच्या वारी जावं. एवढं पेट्रोल जाळून बंद दाराच्या पायरीवर डबा खाऊन आलात.

पुढच्या खेपेला सोमवार धरा. जुनी बुकं बघू देतात का विचारा, १९२३ ते २७ची. विकणाऱ्यांची यादी आधी उघडा, घेणाऱ्यांची नको, तिथं पानोपान एकच नाव असणार. आणि फेरफाराच्या तारखा लिहून घ्या. एका चारीवरचे लोक पाठोपाठच्या तारखांना विकतात, हे मी एका धरणाच्या कामात स्वतःच्या हातानं नोंदवलेलं आहे.

माणदेशी

रजेचा अर्ज टाकलाय. वही घेऊन जातो.

कोल्हापुरी मिरची

आणि अंगठा बाजूला ठेवा.